बोर्डावरचे बिल्ले

सरकारी माणूस इंजिनाचा स्टँड हुंगताना मी पहिल्यांदाच पाहिला. खात्यातून आलेला हा निरीक्षक अंगाने हडकुळा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चौकस तर इतका की विचारू नका. "हे काय? ते कशाला? याला तेल कुठून घालतात?" मॅनेजरसाहेब घाम पुसत त्याच्या मागेमागे. मला मात्र एकच उत्सुकता होती, याला 'ते' दिसतंय की नाही.

आमची विमान कंपनी पूर्वी सरकारची. ती विकली तेव्हा कायदाच केला, की तिच्या विमानांची दुरुस्ती याच शहरात व्हायला हवी. सहा महिन्यांपूर्वी कंपनीने विमानं परदेशी पाठवायला सुरुवात केली आणि आमच्यातल्या चाळीस जणांना घरी. त्यात माझा नवराही. ठेवलं मला एकटीला, म्हणजे कागदावर वर्कशॉप चालू! मी रोज येते, फरशी पुसते, रिकाम्या स्टँडकडे बघत बसते. लाज वाटते हो. पण घरात तेवढा एकच पगार उरलाय. सकाळी निघताना नवरा म्हणाला, "आज तोंडाला कुलूप लाव. तुझीही नोकरी गेली तर खायचं काय?"

साहेबांनी कालच बजावलं होतं, "टूल बोर्डावर एकही जागा रिकामी दिसता कामा नये." मी म्हटलं, "बरं." प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड पुसून आपापल्या खुंटीला लावली. साहेब आले तिकीटविक्रीतून, त्यांना काय कप्पाळ कळणार!

"बघा, सगळं जागच्या जागी!" साहेबांनी बोर्डावरून हात फिरवला.

निरीक्षकाने मान डोलावली. इमारत, हत्यारं, कर्मचारी, अशा तीन ओळींपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि पेनाला टोपण लावलं.

झालं! एवढी हुंगाहुंगी करून बाबाच्या नजरेतून नेमकं तेच सुटलं. नवऱ्याचं कुलूप आठवलं, पण माझ्या तोंडाने आजवर ऐकलंय कुणाचं?

"साहेब, एक विचारू? कायदा केला, तो पाळला जातोय की नाही हे बघायचं काम कुणाचं?"

"आमचंच," निरीक्षक म्हणाला. "का हो?"

"मग बोर्डाकडे परत बघा. अकरा वाजलेत. हत्यार उचललं की त्याच्या खुंटीला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा, ही आमची रीत. विमानात पाना राहिलाच तर कुणाचा ते कळतं. काम चालू असलं की अर्धा बोर्ड बिल्ल्यांनीच भरलेला असतो. आज एक तरी दिसतोय?"

तो बोर्डाजवळ गेला. एकेका खुंटीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत पोचला. मग टोपण काढलं. "बिल्ले कुठे आहेत?"

मी कपाटातला डबा आणून टेबलावर उपडा केला. चाळीस. तो एकेक उचलून नंबर वाचू लागला.

"सतरा कोण?"

"माझा नवरा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा."

त्याने तिन्ही खुणा खोडल्या आणि डबा ताब्यात घेतला. "कंपनीला नोटीस आम्हीच काढायला हवी होती. सहा महिने काढली नाही, हे आमचं चुकलं. तसंच लिहितो."

साहेब दातओठ खात माझ्याकडे वळले. "तुमचाही बिल्ला द्या. उद्यापासून यायचं नाही. कुलूपच लावतो या जागेला!"

मी कमरेचा बिल्ला सोडवला. द्यायला पुढेही केला, आणि कोण जाणे काय वाटलं, वळून तो पंधरा नंबरच्या पान्याच्या खुंटीला अडकवला आणि तो पाना खिशात टाकला. मग दाराकडे बोट दाखवलं. तिथे जुन्या लाल रंगात लिहिलंय: बोर्डावर बिल्ला असेपर्यंत वर्कशॉप बंद करू नये.

निरीक्षकाने ते मोठ्याने वाचलं आणि आपल्या कागदावर उतरवून घेतलं.

घरी नवऱ्याने चेहऱ्यावरूनच ओळखलं. "बोललीस ना शेवटी?"

मी पाना टेबलावर ठेवला. तो ताडकन उठला. वीस वर्षांत आम्ही दोघांनी तिथला साधा स्क्रूही घरी आणलेला नाही.

"हत्यार घरी? अगं, अक्कल गहाण टाकलीस का?"

"बिल्ला लावून आणलंय."

तो परत खाली बसला. पाना उलटासुलटा करून बघत राहिला. आता ओरडतो की रडतो, मला कळेना.

"बिल्ला अजून बोर्डावरच आहे?"

"आहे."

"मग हा सकाळी परत न्यायला हवा," तो म्हणाला. "मीही येतो." आणि कामाचे बूट शोधायला तो पलंगाखाली वाकला.