रेनोकाकाचे केस

रेनोकाकाने औषध बंद केल्याचं आम्हाला सौनात कळलं. शनिवारी संध्याकाळी मूळच्या फिनलंडच्या आमच्या कंगास घराण्यातले पुरुष त्या लाकडी खोलीत उघडेबंब बसतात, आणि तापलेल्या दगडांवर पाणी पडून वाफ उठली की कुणाला काही लपवून ठेवावंसं वाटत नाही.

"नाताळपासून लावलंच नाही," काका म्हणाला.

"काय लावलं नाहीस?" बाबांनी विचारलं. बाबा, म्हणजे वाइनो, त्याचे थोरले भाऊ.

"खांद्याचं जेल रे. केस जातायत त्याने." त्याने डोक्यातून बोटं फिरवली आणि तळहात पुढे केला. लांब सोनेरी केस चिकटले होते.

बाबांनी आपल्या तुकतुकीत टकलावरून हात फिरवला. "अरेरे, फार वाईट झालं."

"तू हस. फेब्रुवारीत तुला कोण बघायला येणार आहे?"

फेब्रुवारीत आमच्या गावात चाळिशीपुढच्यांचे बर्फावरच्या हॉकीचे सामने होतात. आमच्या मिनेसोटाच्या राज्यस्पर्धेत शाळेची पोरं एकेक करून बर्फावर येतात, हेल्मेट काढून केस झटकतात आणि घराघरांत त्यावर चर्चा होते. आमचे बाप्ये त्याचीच नक्कल करतात. काका गोलकीपर होता, पण टाळ्या मिळायच्या त्या मानेवर रुळणाऱ्या आयाळीला. कंगास पुरुषांना पस्तिशीत टक्कल पडतं. हा एकटा एकोणपन्नासाव्या वर्षी भांग पाडत होता.

मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवरची त्याची गाठ दोन वर्षांपूर्वी काढली होती. तेव्हापासून त्याचं शरीर त्या ग्रंथीच्या हुकमाने बनणारं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, जवळजवळ बनवत नव्हतं, म्हणून ते जेलमधून द्यावं लागे. जेल सुरू झाल्यावर तो पुन्हा बर्फावर उतरला होता. आज मात्र तो सर्वांत खालच्या, कमी तापणाऱ्या बाकावर बसला होता, आणि एरवी तो उचलायचा ती पाण्याची बादली मी आत आणली होती.

"काका, हाडांचं काय सांगितलंय डॉक्टरांनी?"

"आले प्रोफेसर," काका बाबांना म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "ठिसूळ होतील म्हणे. ऑस्कर, हाडं कुणाला दिसत नाहीत."

"मोडली की दिसतात."

मी डुलुथला शरीरशास्त्र शिकलो, तिथेच प्रयोगशाळेत काम करतो. घरात माझं ज्ञान मुख्यतः टिंगलीसाठी वापरलं जातं. तरी मी सांगितलं, की टेस्टोस्टेरॉनचं डोक्याच्या त्वचेत आणखी जोरकस रूप तयार होतं, आणि ज्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात ती त्याने बारीक होत जातात. हळवेपणा घराण्यातून येतो. जेल तो निर्माण करत नाही.

"मग मला घराण्याचं काही लागलं नाही. जेल येईपर्यंत केस होतेच की."

"तेच मला कळत नाहीये," मी म्हणालो.

बाबांनी दगडांवर पाणी टाकलं. "लागलं नाही हे खरंच. शिकारीच्या कॅम्पवर आठवडाभर कुणी दाढी करत नाही. आम्ही अस्वलं होऊन परत यायचो, हा तसाच गुळगुळीत. आम्ही याला बाळ म्हणायचो."

"गेल्या नोव्हेंबरला आली की दाढी!"

"जेलने आली," बाबा म्हणाले.

मी उठून उभा राहिलो. वर वाफ जास्त असते, डोकं गरगरलं, पुन्हा बसलो. "बाबा, याची दाढी कधीपासून येईनाशी झाली?"

"लग्नाच्या फोटोत मिशी आहे. त्यानंतर दोन-चार वर्षांनी असेल."

"आणि गाठ किती जुनी होती?"

"फार जुनी, असं म्हणाले," काका हळूच म्हणाला. "नजर अंधुक झाली म्हणून सापडली."

"मग टेस्टोस्टेरॉन तेव्हापासूनच कमी होत गेलं असणार. म्हणून दाढी थांबली. आणि म्हणूनच टक्कलही थांबलं. तुझे केस वेगळे नव्हते, काका. त्या गाठीने राखून ठेवले होते."

काकाने तळहातावरचे केस एकेक करून फळीवर पुसले.

"मूलही म्हणूनच झालं नाही?"

हा प्रश्न येईल हे मला आधी सुचायला हवं होतं. "शक्य आहे. आता नक्की सांगता येणार नाही."

"तुझी डोरीनकाकू स्वतःला दोष देत बसली. इतकी वर्षं." त्याने तोंडावरून दोन्ही हात ओढले. "आणि मी त्या गाठीला शाम्पू लावत होतो."

बाबा हसले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला.

"केस टिकवायची वेगळी औषधं असतात," मी म्हणालो. "तुला चालतील का, ते डॉक्टरांना विचार. पण जेल सोडू नकोस. आणि मध्ये बंद केलं होतं हेही सांग त्यांना."

"सोमवारी फोन करतो." तो बाकाला धरून उठला. बाबा मदतीला सरकले तसा खेकसला, "राहू दे रे, म्हातारा झालो नाही." दारात थांबून त्याने विचारलं, "आत्ता लावलं तर चालेल?"

"आधी घाम पूर्ण सुकू दे. मग लाव, हात धू, वर शर्ट घाल. काकूच्या अंगाला लागता कामा नये."

"ठीक आहे. आधी तिच्याशी बोलतो, तोवर सुकेल." टॉवेल गुंडाळून तो बाहेरच्या थंडीत उभा राहिला. अंगातून वाफा निघत होत्या. "वाइनो, संघाला कळव. केस झटकायला दुसरा कुणीतरी शोधा. गोलमध्ये मी आहे."

आणि तो बर्फावरून अनवाणी, स्वयंपाकघराच्या दाराकडे चालत गेला.