सिल्टिंगमध्ये गाळ नसतो

माझी भाची गणितात संशोधन करते. लहानपणापासून ती इतकं हळू बोलते की घरात तिचं नावच ‘पुटपुट’ पडलं. विभागप्रमुख बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की गणित न शिकलेल्या माणसांना तुझा विषय समजावून दाखव, तरच पहिल्या वर्षाचा वर्ग तुझ्या हाती देईन. त्या वर्गासाठी तिचा जीव तुटत होता. म्हणून वाचनालयात तिचं व्याख्यान ठरलं. विषय होता टिल्टिंग आणि सिल्टिंग.

वाचनालयाच्या लेखनिकाला वाटलं, लोकांना कळेल असं लिहावं. त्याने इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला आणि दारावर ठळक अक्षरांत फलक लावला: ‘कलणे आणि गाळ साचणे’.

चार वाजता कालवा साफ करणारी आठ माणसं चिखलाच्या बुटांनिशी आत आली आणि पहिल्या रांगेत बसली. मागच्या रांगेत विभागप्रमुख बाई होत्या, त्यांच्या शेजारी मी. पुटपुट फळ्याशी उभी राहून खडूशीच काहीतरी बोलत होती. दहा मिनिटांनी कालव्यावरच्या माणसांच्या मुकादमाने नम्रपणे विचारलं, की मॅडम, गाळाचं कधी सुरू होणार?

पुटपुटची पाचावर धारण बसली. तिने माझ्याकडे पाहिलं. खरं ते सांगून टाक, अशी मी मान हलवली.

“यात गाळ नाहीच,” ती म्हणाली. “टिल्टिंगशी जुळावा म्हणून गणितवाल्यांनी तो शब्द बनवला. यमक आहे नुसतं.”

मुकादम खो खो हसला. “म्हणजे आम्ही यमकासाठी अर्धी रजा टाकली? आता आलोच आहोत, तर बसतो.”

हसण्याने तिची भीड चेपली. तिने फळ्यावर पाच कोपऱ्यांची आकृती काढली. आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा, एक लाल, एक निळी. एकमेकींना छेदायचं नाही, एवढाच नियम. एक रेघ पुसली की चार कोपऱ्यांची मोकळी जागा उरते, आणि तिथे दुसरी रेघ घालायची एकच नवी तऱ्हा असते. अशी सगळी मिळून पाच चित्रं होतात. तिने सांगितलं की टिल्टिंगवाले यातली दोनच धरत. काही रेघा पुसल्या की बदली रेघ मिळत नसे आणि वाट तिथेच संपे. उरलेली तीन घेतली की झालं सिल्टिंग. मग कुठलीही रेघ पुसा, तिच्या जागी येणारी नेमकी एक दुसरी असतेच.

गाळ उपसायचं यंत्र चालवणारी एक बाई उठली, दोन्ही खडू मागून घेतले आणि स्वतःच लाल, निळी, लाल, निळी, लाल अशा रेघा बदलत गेली. पाचव्या बदलानंतर पुटपुट समाधानाने म्हणाली, की बघा, आलो परत पहिल्या चित्रावर.

“नाही आलो,” ती बाई म्हणाली. “तेव्हा लाल इथे होती. आता निळी आहे.”

मी पुढे वाकून पाहिलं. खरंच रंगांची अदलाबदल झाली होती. पुटपुटने फळा पाहिला, बाईकडे पाहिलं, आणि बावीस वर्षांत मी कधी ऐकला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात म्हणाली, “बरोबर! अजून पाच फिरवा!”

दहाव्या बदलाला लाल लालच्या जागी आली, निळी निळीच्या. पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. मुकादमाने सहा कोपऱ्यांचं काय होतं ते विचारलं, आणि ती सांगणार तोच त्याने तिला गप्प केलं. आमचं आम्ही शोधतो म्हणाला. मग कागद निघाले आणि आठ जणांत भांडण जुंपलं. कुणाला बारा चित्रं मिळत होती, कुणाला पंधरा. पुटपुट एकेकाच्या कागदावर वाकून राहिलेलं चित्र दाखवत होती, दोनदा आलेलं खोडत होती, आणि तिचा आवाज थेट दारापर्यंत येत होता.

विभागप्रमुख बाई उभ्या राहिल्या. सोमवारपासून वर्ग तुझा, असं त्यांना तीनदा सांगावं लागलं. पहिल्या दोन वेळा पुटपुटनेच त्यांना हात करून थांबवलं, कारण मुकादमाचं चौदावं, म्हणजे शेवटचं चित्र सापडत आलं होतं.