टेकडावरचा मेलेला उकंडा

गुरुवारी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, आठ महिन्यांपूर्वी अपघातात गेलेला ट्रकचालक उकंडा टेकडावर जमलेल्या साठएक फोनांत प्रकटला. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘उकंडा आला’. बायांनी हात जोडले.

वणीजवळच्या या खाणीच्या गावात फोनला रेंज फक्त टेकडावर येते. चांगली बातमी, वाईट बातमी, निकाल, सारं गावाला तिथंच कळतं. म्हणून मेलेल्यांचा निरोप आणून देणाऱ्या लहरबाबानं आसनही तिथंच मांडलं. त्याचा विधी सोपा. फोनमधलं विमानाचं चिन्ह दाबायचं. रेंज गेली, टॉवर मेला. मग तेवढं वायफाय उघडायचं.

“या लोकाचे तार तोडले,” बाबा डोळे मिटून म्हणायचा. “आता जे येईल ते त्या लोकातून.”

आत्मा मोजकं बोलायचा. दहाएक अक्षरांपुढं त्याची मजल कधी गेली नाही. त्या दिवशी शिष्य संघदीप झोळीत हात घालून अंगाऱ्याची पुडी शोधू लागला. पुडी सापडायला मिनिटभर लागलं. तेवढ्यात दुसरी ओळ आली: ‘दीपूले उजव’.

उकंडाची बायको नलूबाई तिथंच खाली बसली. दीपू म्हणजे तिची मुलगी दीपमाला; उजव म्हणजे तिचं लग्न लावून दे. बारावी झालेली, यवतमाळला नर्सिंगला नाव लागलेलं. स्थळही तयार होतं: संघदीपचा सख्खा धाकटा भाऊ. गावात हे सर्वांना ठाऊक होतं आणि कोणाला खटकलं नाही.

“तुह्या बाबाचा शब्द हाय,” नलूबाई घरी म्हणाली. “मी कशी मोडू?”

“बाबानं मले नर्सिंगचं सांगतलं होतं माय. जित्तेपणी.”

“मेल्यावर माणसाले जास्त दिसते.”

दीपमाला वणीला फरहानाच्या दुकानात गेली. फरहाना बारा वर्षं मोबाइल दुरुस्त करते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: नाव दिसते तेव्हा संघदीपचा हात कुठं असते?

पुढच्या गुरुवारी फरहाना टेकडावर हजर झाली. विधी झाला, ‘उकंडा आला’ उमटलं. तिनं सगळ्यांना फोन पूर्ण बंद करायला लावले. “एवढी गर्दी पाहून आत्मा बुजते,” ती गंभीरपणे म्हणाली. स्वतःचा फोन चालू ठेवून ती फिरू लागली. नावाशेजारच्या, वायफायचा जोर दाखवणाऱ्या कमानी टेकडाच्या कडेला एक, आसनाजवळ दोन, आणि संघदीपच्या झोळीपाशी पूर्ण भरल्या.

“आत्मा झोळीत बसला काय जी?”

बाबानं ‘पापी दृष्टी’ असं काहीतरी सुरू केलं. तोवर दीपमालानं झोळी उपडी केली. अंगाऱ्याच्या पुड्या, बिडीचं बंडल आणि हॉटस्पॉट चालू असलेला फोन. त्या हॉटस्पॉटचं नाव: ‘उकंडा आला’.

फरहानानं समजावलं. विमानाचं चिन्ह दाबलं की टॉवरचा संबंध तुटतो. वायफाय मात्र वेगळं चालू करता येतं, आणि ते आजूबाजूच्या प्रत्येक हॉटस्पॉटचं नाव दाखवतं. नाव सेटिंगमध्ये जाऊन कोणीही बदलतो. त्याला जागाच थोडी, म्हणून मेलेला माणूस थोडक्यात बोलत होता.

मग तिनं तो फोन दीपमालाच्या हाती दिला आणि लोकांना आपापले फोन उघडायला सांगितलं. दीपमालानं काहीतरी टाइप केलं. मिनिटभरात साठ पडद्यांवर उमटलं: ‘शिकू दे माय’.

 नलूबाईनं फोन डोळ्यांजवळ धरून ती ओळ पुन्हा वाचली.

या गावाला रोज चार वेळा फोन चालू-बंद करता येतो. त्यातलं सेटिंगचं एक पान उघडून वाचावं, एवढं कोणाला सुचलं नाही. जो स्वतःच्या हातातली वस्तू तपासत नाही, त्याला दुसऱ्याची झोळी कायम पवित्र वाटते. नमस्कार करण्याआधी झोळी पाहा. मेलेला माणूस त्यानं रागावणार नाही.

लहरबाबा शनिवारी महागावकडं गेल्याचं सांगतात. संघदीपच्या घरच्यांनी स्थळ मागं घेतलेलं नाही. प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार आहे. बुधवारी सकाळी अकरापर्यंत अर्जावरची पालकाच्या सहीची जागा कोरी होती. नलूबाई त्या वेळी टेकडावर होती. एकटीच. फोनमध्ये विमानाचं चिन्ह दाबलेलं, वायफाय उघडं.