धनुष्याला लागलेलं कुंकू

“श्वास धर, मग सोड.” लहानपणी गोफण शिकवताना बाबा म्हणायचे. ते मे महिन्यात गावी कोविडने गेले. सीमा बंद, म्हणून गुरुदत्त इकडे ऑस्ट्रेलियात, गुंगालिनमध्येच अडकला.

आज खंडेनवमी. थकल्या हातांनी त्याने गॅरेजमध्ये नव्या, कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचे बोल्ट सैल करून ताण कमी केला. तरी सोडलेले दोन्ही बाण डावीकडेच गेले. दोरीवरच्या नेम धरायच्या भोकात अर्धं कुंकू साचलं होतं.

“शुभदा, हत्याराला टिळा लावायचा, त्याचा डोळा नाही बुजवायचा.”

“बाबा लावायचे तसाच लावलाय,” बायको म्हणाली. “नेम तुझा चुकतो, कुंकवाला बोल कशाला?”

त्याने भोकात फुंकर मारली. डोळे भरून आले.

“डोळ्यात गेलं का रे?”

“नाही.” त्याने धनुष्य खाली ठेवलं. “सीमा बंद व्हायच्या आधी बाबा इकडे यायला निघाले होते गं. आत्ता नको, इथे आता थंडी सुरू होईल, ती सरू दे, असं मीच म्हणालो.”