घेता येणार नाही

थर्मासचं झाकण आट्यांवर नीट बसत नव्हतं, पेशंट बाई ते पुन्हा पुन्हा फिरवत होत्या, आणि टेबलाच्या अलीकडे बसलेल्या समुपदेशक बाईंना वाटत होतं, नाहीच बसलं तर बरं... बसलं की त्या मान वर करणार आणि विचारणार, भावाची किडनी जुळली का?

जुळली होती. छान जुळली होती. पण आता ताईशेजारी मान खाली घालून बसलेला तो धाकटा भाऊ सकाळीच एकटा आत आला होता.

"मॅडम, जुळत नाही म्हणून सांगा."

"घाबरलात?"

"हो. पण ताईला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नाही. आईच्या मागे तिनंच वाढवलंय हो मला."

मन नसलेल्याकडून काही काढून घ्यायचं नाही, इतकं समुपदेशक बाईंना स्पष्ट होतं. पण सांगायचं काय? खरं सांगावं तर भाऊ जन्माचा मनातून उतरणार. आणि खोटं — खोट्याला बाईंच्या लहानपणीच्या घरात थाराच नव्हता. वडील प्रवचनं करत. देवापुढे खोट्याला सबब नसते, म्हणत. आणि नुसतं म्हणत नसत — आईनं अंथरुणातून विचारलं होतं, मी उठेन ना हो यातून?... आणि वडील म्हणाले होते, नाही. आईनं भिंतीकडे तोंड केलं. मग अखेरपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. दारात उभ्या असलेल्या मुलीला तेव्हा वडील देवाएवढे मोठे वाटले होते, आणि त्याच क्षणी नकोसेही...

"काय झालं, मॅडम?" झाकण बसवून पेशंट बाईंनी मान वर केली होती.

"तुमच्या भावाची किडनी तुम्हाला घेता येणार नाही."

यातला शब्दही खोटा नव्हता. पळवाट किती सफाईनं सापडली आपल्याला, याचीच त्यांना शिसारी आली.

भाऊ ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. अगदी खरंखुरं रडू. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अरे वेड्या, तुझा काय दोष यात?" तिच्या हातावर डायलिसिसच्या सुयांचे काळे-निळे डाग होते. बाईंना त्या हाताकडे बघवेना.

संध्याकाळी घरी येऊन त्या रोजच्यासारख्या देवापुढे बसल्या. शब्द तोंडपाठ होते, तरी पुढे सरकेनात. चूक की बरोबर, हा प्रश्न त्यांनी दिवसभर इतका उलटापालटा केला होता, की आता त्यात काही उरलं नव्हतं. वडिलांचा आवाज येईल, असं वाटलं. तो आला नाही. आले ते वडील — आईच्या खोलीतून बाहेर पडलेले, ओसरीत एकटेच उभे. त्यांची पाठ तेवढी दिसत होती. इतक्या वर्षांत ती पाठ कधी आठवली नव्हती.

बाबा, त्या दिवशी तुम्हाला जेवण गेलं का हो?

देवापुढे बसून आपण भलत्यालाच विचारतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. तरी त्या उठल्या नाहीत.