सहीपुरता पेन

एका लेखकाचा जीव घेतलात तुम्ही, आणि तोही रांगेत उभं राहून, हसतमुखानं.

मी त्याचा पेन बोलतोय. अंग काळंभोर, निब सोन्याची. लेलंड थॉर्नक्विस्टची पहिली कादंबरी अमेरिकाभर गाजली, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रकाशकानं मला त्याच्या हातात दिलं. कादंबरी लिहिली होती ती पेन्सिलीनं, नेब्रास्कात, थोरल्या बहिणीच्या म्हणजे अल्माच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. माझ्या वाट्याला नुसत्या सह्या आल्या.

पण काय थाट त्या सह्यांचा! जांभळा मखमली कोट, टोपीत मोरपीस, बोटांत तीन अंगठ्या. एकदा टीव्हीवर तो एका नामवंत लेखकाबद्दल म्हणाला, "त्यांची नवी कादंबरी मी वाचली नाही, नुसती उचलून पाहिली. फार जड आहे." दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या दुकानाबाहेरची रांग कोपरा ओलांडून गेली. पुढची कादंबरी कधी, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: पुढच्या वर्षी. अशी पंधरा वर्षं गेली. तेवढ्या काळात मी एक वाक्यही लिहिलं नाही.

त्या पुढच्या कादंबरीची तीस पानं झाली होती, दोघा भावंडांच्या वडिलांवर. ती वही अल्माच्या टेबलाच्या खणात पडून होती. दर नाताळला अल्मा फोनवर वहीची आठवण करून द्यायची. तो मेजवान्यांचे किस्से सांगून तिला हसवायचा आणि फोन ठेवायचा.

मग एकदा तो नेब्रास्कातल्याच ओमाहा शहरात, पुस्तकांच्या दुकानात सह्यांना बसला. मान खाली, हात चालू, मध्येच कॅमेऱ्याकडे बघून हसू. कुणीतरी उघडं पान पुढं सरकवलं.

"नाव?" त्यानं वर न बघता विचारलं.

"अल्मा."

त्यानं झोकात लिहिलं, 'प्रिय अल्मास, भेटून आनंद झाला', आणि त्याखाली पानभर सही. माझ्या निबेखाली पेन्सिलीच्या फिकट ओळी होत्या. अक्षर त्याचंच होतं. मी ओळखलं. त्यानं नाही.

"लेली, पुढची पानं कोरी आहेत रे," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. मागची बाई कुरकुरली, की आम्हीही दोन तास उभ्या आहोत.

"संध्याकाळी घरी येतो. टेबल आहे ना अजून?"

"आहे. बटाट्याचं सूप करून ठेवते."

संध्याकाळी महापौरांकडे जेवण होतं. तो तिकडे गेला. पुढं अल्माला फोन करायचीही त्याला लाज वाटू लागली, आणि ती लाज झाकायला कोट दिवसेंदिवस भडक होत गेले. नऊ वर्षांनी तो गेला, तेव्हाही खिशात मीच होतो. पेन्सिल नव्हती.

आता मी त्याच्या गावच्या वाचनालयात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे, की याच पेनानं त्यांनी आपलं सारं लेखन केलं. धडधडीत खोटं. शेजारी ती वही, त्याच पानावर उघडलेली. अल्मानंच तशी ठेवायला लावली. लोक येतात, सहीचा फोटो काढतात, जातात. अहो, जरा वाका. सहीखालची एक ओळ तरी वाचा. लेखक तिथं आहे.

काल काच पुसणारी बाई वाकली. बराच वेळ बघत राहिली. माझी आशा पल्लवित झाली.

"सही झकास आहे," ती सोबतिणीला म्हणाली. "पण खाली कुणीतरी पेन्सिलीनं गिरबटलंय बघ. आधी पुसून नाही का घ्यायचं?"