लोटलेलं दार

त्या सकाळी शिंप्याच्या घरी नेहमीसारखीच मशीन खडखडत होती. मागच्या खोलीत धाकटा भाऊ मान खाली घालून शर्टांना काजं करत बसला होता. चोरीपायी ऐन तारुण्य तुरुंगात घालवून तो नुकताच घरी आला होता. आल्यापासून त्याने एकही दार स्वतःच्या हाताने उघडलं नव्हतं. दारापुढे नुसता उभा राहायचा. मग म्हातारी आई गुडघे धरत उठायची आणि उघडून द्यायची.

शिंप्याला मात्र याचं कोण कौतुक!

"तुरुंगानं माणूस सुधारत नाही म्हणता ना, मास्तर?" तो शेजारच्या निवृत्त मास्तरांना म्हणाला. "हा बघा. पूर्वी घरात पाय ठरत नव्हता याचा. आता ऊठ म्हटलं की उठतो."

"ही सुधारणा नव्हे, दहशत आहे."

"लावा पैज! या खोलीचं दार नुसतं लोटतो, बाहेरून कडी लावत नाही. कोपऱ्यावर चहा घेऊन येऊ. हा पठ्ठ्या बाहेर आला तर नाव बदलीन."

मास्तरांनाही वाद जिंकायचाच होता. ते उठले. शिकल्यासवरल्या माणसाच्या या हौसेची मला चीड येते.

"बाहेर यायचं नाही. कळलं?"

"हो साहेब," धाकटा सख्ख्या भावाला म्हणाला. शिंपी खो खो हसला.

ते गेले आणि स्वयंपाकघरात आईचा पाय घसरला. ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं.

"बाळा, धाव रे! रक्त थांबत नाही!"

"आई! कुणाला तरी दार उघडायला सांग ना!"

"अरे, उघडंच आहे ते! ओढ आत!"

तो दारावर मुठी आपटत राहिला. "उघडा हो! कुणीतरी उघडा!" दाराच्या आतल्या कडीला त्याने हात लावला नाही. आईचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

दोघे हसतखिदळत परतले. शिंप्याने एका बोटाने दार ढकललं. आत धाकटा रक्ताळलेले हात पाठीशी घेऊन ताठ उभा होता.

"साहेब, आई बोलावतेय. जाऊ का?"

आई केव्हाच गेली होती. शिंपी पैज जिंकला होता. धाकटा अजून उत्तराची वाट पाहत उभा आहे. तुरुंगाने माणूस सुधारतो म्हणणाऱ्यांनो, तुम्ही तरी त्याला उत्तर द्या.